गुन्हेगार आणि गुनहगार : मराठी व उर्दू साहित्यातील दोषी कैदी

प्रास्ताविक

वारासिवनीच्या वर्गात तीन भाषा एकाच बाकावर बसतात. घरात मराठी, बाजारात आणि शाळेत हिंदी, तर मदरशातून आलेल्या मुलांच्या ओठांवर उर्दू. त्यामुळे फळ्यावर एखादा शब्द लिहिला की त्याला तीन बाजूंनी फाटे फुटतात. 'शिक्षा' हा शब्द असाच एकदा अडला. मराठीत शिक्षा म्हणजे दंड आणि हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. "मग शिक्षा विभाग म्हणजे मराठीत तुरुंग खाते का?" असे एका विद्यार्थ्याने विचारले आणि सारा वर्ग हसला. त्याच तासाला पुढे 'गुन्हेगार' हा शब्द आला. या वेळी मात्र कोणी हसले नाही.

मराठीतला 'गुन्हेगार' आणि उर्दूतला 'गुनहगार' हे मुळात एकच आहेत. दोघांचेही मूळ फार्सी 'गुनाह' या शब्दात आहे. पण दोन भाषांत त्यांनी वेगवेगळे संसार थाटले. उर्दूत गुनहगार म्हणजे पापी, ईश्वरापुढे चुकलेला माणूस. दुआसाठी हात पसरणारी म्हातारी स्वतःला गुनहगार म्हणवते, मोठमोठे उलेमा पत्राखाली सही करताना तसे लिहीत आले, आणि त्यात कोणालाही कमीपणा वाटला नाही. कायद्याने अपराधी ठरलेल्या माणसासाठी उर्दूत 'मुजरिम' हा वेगळा शब्द आहे. मराठीत मात्र हा शब्द दरबारातून कचेरीत आणि कचेरीतून पोलीस ठाण्यात गेला. तेथे गुन्हा 'दाखल' होतो आणि गुन्हेगार 'सराईत' असतो. उर्दूत जो शब्द सर्वांना लागू होता, तो मराठीत काही मोजक्या माणसांपुरता उरला.

हा फरक समजावून सांगत असताना मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मग खून केलेला कैदी कोण? मुजरिम की गुनहगार? आणि त्याच्यावर दया करायची की नाही?" त्या दिवशी मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

येथे प्रश्न खोट्या खटल्यात अडकलेल्या निरपराध्याचा नाही, तर ज्याने खरोखर भयंकर कृत्य केले आहे अशा कैद्याचा आहे. आपल्या दोन्ही साहित्यांनी त्याला कोणती जागा दिली आणि वाचक म्हणून, अध्यापक म्हणून आपण त्याच्याकडे कसे पाहावे, याचा विचार एक चित्रपट, एक कथा आणि एक आत्मकथन यांच्या आधारे करावयाचा आहे.

निर्दोषांचा तुरुंग

आपण अभ्यासक्रमातून जे तुरुंग-साहित्य शिकवतो ते पाहिले तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. हा तुरुंग निर्दोषांचा आहे. लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगात लिहिले. विनोबांची गीता-प्रवचने १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात झाली आणि ती साने गुरुजींनी उतरून घेतली. 'श्यामची आई' १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. उर्दूकडे वळले तरी चित्र तेच दिसते. हसरत मोहानींनी राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा भोगली. मौलाना आझादांच्या 'गुबारे-खातिर'मधील पत्रे अहमदनगरच्या किल्ल्यातील नजरकैदेत लिहिलेली. फैज यांचा 'झिंदाँनामा' १९५६ चा आणि त्याआधीचा 'दस्ते-सबा' १९५२ चा. दोन्हींवर कैदेचा ठसा आहे.

आपल्या परिसरालाही या परंपरेचा स्पर्श झालेला आहे. मौलाना महंमद अली आणि शौकत अली या बंधूंना पहिल्या महायुद्धाच्या काळात छिंदवाड्यात स्थानबद्ध केले होते. विनोबांनी स्थितप्रज्ञाच्या लक्षणांवरील व्याख्याने १९४४ मध्ये शेजारच्या शिवनीच्या तुरुंगात दिली. ही नावे आम्ही विद्यार्थ्यांना अभिमानाने सांगतो आणि सांगावीतच.

परंतु या परंपरेचा एक परिणाम आपल्या ध्यानात येत नाही. हे साहित्य वाचून कैद्याविषयी जी कणव मनात निर्माण होते, ती त्याच्या निरपराधपणाच्या तारणावर मिळालेली असते. कैदी थोर आहे, त्याला कोंडणारे सरकार जुलमी आहे, म्हणून आपण कैद्याच्या बाजूने आहोत. पण त्याच तुरुंगात, त्याच भिंतीआड, पलीकडच्या बराकीत चोर, दरोडेखोर आणि खुनीही होते. आपल्या थोर लेखकांच्या कित्येक पानांत ते येतात, पण बहुधा पार्श्वभूमीला. वॉर्डर म्हणून, दळण दळणारा सोबती म्हणून, कधी विनोदी पात्र म्हणून. त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही.

फार्सी-उर्दूत तर कैदेच्या कवितेला 'हब्सिया' असे वेगळे नावच आहे. गालिब यांना १८४७ मध्ये घरी जुगार चालवल्याच्या आरोपावरून कैद झाली, तेव्हा त्यांनी फार्सीत अशी रचना केली. राजद्रोह नव्हे, साधा फौजदारी गुन्हा असलेला हा मोठा अपवाद. पण आमच्या कित्येक व्याख्यानांतून हा प्रसंग घाईने आटोपला जातो किंवा कोतवालाच्या वैरावर ढकलला जातो. आपल्या आवडत्या कवीला दोषी म्हणून पाहणे आपल्याला जमत नाही. जुगाराच्या बाबतीत ही स्थिती, तर खुनाच्या बाबतीत काय होणार?

'दो आँखें बारह हाथ' : परतफेडीची दया

मराठी माणसांनी दोषी कैद्याकडे सरळ पाहिल्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण हिंदी चित्रपटाचे आहे. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' १९५७ मध्ये आला. त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत देसाईंचे. या कथेमागे एक खरा प्रयोग आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या कारकिर्दीत, १९३९ च्या सुमारास, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत उभी राहिली. मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याचा या प्रयोगात मोठा वाटा होता. भिंती नाहीत, कैदी शेती करतात आणि कुटुंबासह राहतात, अशी ही वसाहत होती. आज हे ठिकाण सांगली जिल्ह्यात येते. माडगूळकर त्याच माणदेशचे. म्हणजे ही कथा त्यांनी हवेतून आणलेली नाही.

चित्रपटात आदिनाथ हा तुरुंगाधिकारी खुनाबद्दल शिक्षा भोगणाऱ्या सहा कैद्यांना घेऊन एका ओसाड जमिनीवर जातो. ते पळतात, परत येतात, जमीन फुलवतात, भाजी पिकवतात आणि रास्त भावात विकतात. बाजारातले नफेखोर त्यांच्यावर उलटतात. मार खाऊनही ते हात उचलत नाहीत. शेवटी शेतावर सोडलेल्या बैलांशी झुंजताना आदिनाथ मरतो, पण त्याचे दोन डोळे त्या बारा हातांवर कायमचे रोखलेले राहतात. बर्लिनच्या महोत्सवात १९५८ मध्ये या चित्रपटाचा गौरव झाला. आजही तो दाखवला की वर्ग स्तब्ध होतो.

या चित्रपटाचे मोल कमी लेखण्याचा हेतू नाही. १९५७ मध्ये सहा खुन्यांना नायकाच्या बरोबरीने पडद्यावर उभे करणे हे धाडस होते. तरीही समीक्षक म्हणून दोन प्रश्न विचारावेच लागतात.

पहिला प्रश्न असा की या सहा जणांनी ज्यांना मारले त्यांची घरे कोठे आहेत? कैद्याच्या आईचे आणि मुलांचे दुःख आपल्याला दिसते. मेलेल्याच्या आईचे दुःख मात्र कथेच्या बाहेर राहते. खून झालेला आहे, पण तो आपल्यासाठी केवळ कैद्याची पात्रता सांगणारा तपशील ठरतो. ज्या दयेला मृताचे तोंड पाहावे लागत नाही, ती दया सोपी असते.

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. येथे दया यशस्वी होते म्हणून ती योग्य ठरते. सहाही जण सुधारतात. आदिनाथाने विश्वास पेरला आणि पीक आले. पण सहापैकी एक सुधारलाच नसता तर? त्याला दिलेली भाकरी, त्याच्याशी बोललेला चांगला शब्द वाया गेला असे म्हणायचे का? चित्रपटाला या प्रश्नाची गरज भासत नाही. पण तुरुंगाला भासते. तेथे न सुधारणारेही असतात आणि त्यांनाही सकाळी पाणी द्यावे लागते.

या संदर्भात आपल्याच राज्यातील अनुभव लक्षात घेण्याजोगा आहे. १९६० मध्ये विनोबांच्या पदयात्रेत चंबळच्या खोऱ्यातील काही डाकूंनी शस्त्रे खाली ठेवली. पुढे १९७२ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्यापुढे फार मोठ्या संख्येने आत्मसमर्पण झाले आणि मुंगावलीला त्यांच्यासाठी खुले कारागृह सुरू झाले. आत्मसमर्पणामुळे त्यांचे गुन्हे पुसले गेले नाहीत. त्यांच्यावर खटले चालले, शिक्षाही झाल्या. विनोबांच्या करुणेने न्यायालयाची जागा घेतली नाही, ती न्यायालयाच्या दारापर्यंत त्या माणसांबरोबर चालत गेली. शांतारामांच्या चित्रपटात जे मोकळे सुटते, ते या प्रयोगात बांधलेले राहते.

'ठंडा गोश्त' : प्रेताला साक्षी ठेवून

उर्दूत याच प्रश्नाला सआदत हसन मंटो यांनी उलट्या बाजूने हात घातला. 'ठंडा गोश्त' ही फाळणीच्या दंगलींची कथा. तिच्यावर लाहोरात अश्लीलतेचा खटला चालला आणि पुढे चर्चा त्या आरोपाभोवतीच फिरत राहिली. त्यामुळे ही दोषी माणसाविषयी उर्दूत लिहिलेली कदाचित सर्वांत कठोर आणि तरीही सर्वांत करुण कथा आहे, हे बाजूला पडले.

ईशरसिंग दंगलीत लूट करतो. एका घरातील सहा माणसांना ठार मारतो आणि एका मुलीला उचलून नेतो. ती मुलगी केव्हाच मेलेली आहे हे त्याला फार उशिरा कळते. कथेत त्याला अटक नाही, खटला नाही, तुरुंग नाही. तो स्वतःच्या देहात कैद होतो. शेवटी ज्या बाईपासून तो हे लपवत होता, तिच्याच हातून झालेल्या वाराने मरता मरता तो सारे सांगतो आणि त्याचा हात बर्फासारखा गार पडतो.

मंटो ईशरसिंगासाठी माफी मागत नाहीत. तो सुधारला असेही दाखवत नाहीत. त्याच्या बालपणाची करुण कहाणी सांगून गुन्ह्याचा भार हलका करत नाहीत. मेलेली मुलगी कथेच्या मध्यभागी आहे आणि ती शेवटपर्यंत तेथून हलत नाही. तरीही मंटो त्याच्याकडून एक गोष्ट हिरावून घेत नाहीत, ती म्हणजे स्वतःच्या कृत्याने हादरण्याची शक्ती. या माणसात अजून काहीतरी जिवंत आहे आणि त्या जिवंत भागालाच आग लागली आहे, हे आपल्याला दिसते. त्याला राक्षस म्हटले असते तर तो सुटला असता, कारण राक्षसाला लाज नसते. मंटो त्याला माणूस ठेवतात आणि म्हणूनच त्याचा गुन्हा पूर्ण वजनाने त्याच्यावर पडतो.

येथे लेखाचा मुख्य मुद्दा हाती येतो. दोषी माणसाविषयीची करुणा गुन्हा हलका करून मिळवायची नसते. ज्या लेखनात बळी पडलेला आणि मारणारा दोघेही माणूस म्हणून एकाच वेळी नजरेसमोर राहतात, तेथेच ती खरी उतरते. 'दो आँखें बारह हाथ'मध्ये करुणा अपार आहे, पण प्रेत नाही. 'ठंडा गोश्त'मध्ये प्रेत आहे आणि त्याच्यापुढे उभी राहिलेली करुणाही आहे.

एक खरा खटला आणि एक अवघड पुस्तक

चित्रपट आणि कथा यांच्यापेक्षा वास्तव नेहमीच अवघड असते. पुण्यातील जोशी-अभ्यंकर हत्याकांडाचे नाव महाराष्ट्रात आजही दबक्या आवाजात घेतले जाते. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा खून झाले. बळींमध्ये संस्कृत व्याकरणाचा कोश रचणारे वृद्ध पंडित काशीनाथशास्त्री अभ्यंकर, त्यांच्या घरातील माणसे आणि घरकाम करणारी बाईही होती. खुनी कोणी सराईत टोळीवाले नव्हते. ते कला महाविद्यालयात शिकणारे तरुण होते. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह या चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. पाचवा साथीदार माफीचा साक्षीदार झाला होता.

यांपैकी मुनव्वर शाह याने तुरुंगात असताना आत्मकथन लिहिले. त्याचे शीर्षक इंग्रजी आहे, 'येस, आय अ‍ॅम गिल्टी'. आमच्या वर्तुळात या पुस्तकाचा विषय निघाला की लोक गप्प होतात. कारण उघड आहे. नाव मुसलमानाचे आहे आणि ते नाव आपल्याशी जोडले जाऊ नये असे वाटते. पण त्या टोळीचा धर्म एक नव्हता. तो गुन्हा कोणत्याही समाजाच्या नावे लिहिता येत नाही. उलट आपल्या समाजातील एका तरुणाने आपला दोष कबूल करणारा मजकूर लिहिला असेल, तर तो टाळणे हा अभ्यासकाचा मार्ग नव्हे.

शीर्षकाचाच विचार करा. 'गिल्टी' या शब्दासाठी मराठीत काय लिहावे? 'दोषी' म्हटले तर न्यायालयाचा निकाल ऐकू येतो. 'गुन्हेगार' म्हटले तर पोलिसांची नोंदवही दिसते. 'अपराधी' म्हटले तर थोडे भजनाकडे सरकल्यासारखे होते. उर्दूत 'मुजरिम हूँ' आणि 'गुनहगार हूँ' या दोन वेगळ्या कबुल्या आहेत. पहिली न्यायाधीशापुढची आणि दुसरी निर्मात्यापुढची. एका इंग्रजी शब्दात दोन्ही मावतात. फाशीच्या कोठडीतल्या माणसाला दोन्ही दारांपुढे उभे राहावे लागते, म्हणून हे शीर्षक मला अर्थपूर्ण वाटते.

हा मजकूर लिहिताना मला व्याकरणाची एक अडचण आली, ती प्रांजळपणे सांगतो. मराठी समीक्षेत लेखकाला आदरार्थी बहुवचन लावतात, खुन्याला एकवचन. वर्तमानपत्रांत तर माणूस अटक होताच 'त्यांनी'चे 'त्याने' होते, निकालाची वाट कोणी पाहत नाही. मग मुनव्वर शाह 'लिहितात' म्हणावे की 'लिहितो'? मी एकवचन ठेवले आहे. दहा माणसे गेली आहेत, तेथे आदराचा प्रत्यय लावणे मला जमले नाही. पण मराठीचे एकवचन केवळ तिरस्काराचे नाही, हेही विसरता येत नाही. आपण आईला, पोटच्या मुलाला आणि देवालाही एकवचनानेच हाक मारतो. त्या एकवचनात दूर लोटणेही आहे आणि जवळ घेणेही आहे. दोषी कैद्याविषयी बोलताना यापेक्षा योग्य वचन मला सापडले नाही.

या पुस्तकासारखे लेखन वाचताना एक सावधगिरी मात्र हवी. खुन्याचा आवाज छापला जातो, मारल्या गेलेल्यांचा आवाज उरत नाही. लिहिणाऱ्याला पश्चात्तापाची भाषा येते म्हणून तो अधिक दयेला पात्र, आणि ज्याला लिहिता येत नाही असा निरक्षर कैदी कमी पात्र, असे ठरवणे म्हणजे शैलीला माफी देणे होय. अशा आत्मकथनाशेजारी अभ्यंकरांचा व्याकरणकोश ठेवून ते वाचावे. ग्रंथालयात दोन्ही पुस्तकांना जागा आहे आणि दोन्ही एकमेकांकडे पाहत राहिली पाहिजेत.

रहम आणि अफ्व

'माफीचा साक्षीदार' हा शब्दप्रयोगही विचार करण्याजोगा आहे. या हत्याकांडावर बेतलेल्या १९८६ च्या मराठी चित्रपटाला तेच नाव दिले गेले. पाकिस्तानातील उर्दूत त्याला 'वादा-माफ गवाह' म्हणतात. दोन्ही भाषांत येथे माफी हा व्यवहार आहे. साक्ष द्या आणि माफी घ्या. तसेच राष्ट्रपतींकडे जातो तो 'दयेचा अर्ज', उर्दूत 'रहम की दरख्वास्त'. राज्यघटनेच्या अनुच्छेद ७२ आणि १६१ प्रमाणे तो ज्यांच्यापुढे येतो त्यांचे कोणी मारले गेलेले नसते. भाषेने माफी, दया, क्षमा, करुणा यांची सरमिसळ केली आहे आणि आपले बरेच वाद त्या सरमिसळीतून निघतात.

इस्लामी परंपरेत हे शब्द वेगळे ठेवलेले आहेत. 'अफ्व' म्हणजे माफ करणे. खुनाच्या बाबतीत हा हक्क मृताच्या वारसांचा. सूरह बकरामध्ये किसासचा नियम सांगितला आहे, त्यात समाजाचे जीवन आहे असेही बजावले आहे. पण त्याच ठिकाणी माफीचा मार्गही मोकळा ठेवला आहे आणि माफ करणाऱ्या वारसाचा उल्लेख मारेकऱ्याचा 'भाऊ' असा येतो. खून झाल्यावरही नाते सांगणारा हा शब्द भाष्यकारांच्या नजरेतून सुटलेला नाही. मात्र हा भाऊ माफ करेलच असे नाही, आणि त्याने माफ करावे असे सांगण्याचा अधिकार त्रयस्थाला नाही. कवीला नाही, प्राध्यापकालाही नाही.

'रहम' वेगळी. तिचे मूळ अरबीत गर्भाशयवाचक शब्दाच्या धातूशी जुळते. ती कमावण्याची वस्तू नाही, माणूस म्हणून जन्माबरोबर मिळालेले देणे आहे. सूरह दहरमध्ये गरीब आणि अनाथ यांच्या जोडीला कैद्यालाही जेवू घालणाऱ्यांची प्रशंसा आहे. तेथील 'असीर' मुख्यतः युद्धात पकडलेला, म्हणजे काल आपल्यावर तलवार उगारलेला शत्रू. गरीब आणि अनाथ निरपराध असतात, असीर तसा नसतो. तरीही तिघे एका ओळीत बसवले आहेत. एका हदीसनुसार मद्यपानाबद्दल शिक्षा होत असलेल्या माणसाला कोणी शिव्याशाप दिले, तेव्हा पैगंबरांनी आपल्या भावाविरुद्ध सैतानाला मदत करू नका असे बजावले. शिक्षा थांबली नाही, शिव्या थांबल्या.

मराठीतही हा विवेक परका नाही. ज्ञानेश्वरांनी पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांचे दुष्टपण जावे एवढेच मागितले. दुष्टपणाला दुष्टपणच म्हटले, त्याला दुसरे गोड नाव दिले नाही.

सारांश, अफ्व ज्याचे नुकसान झाले त्याची असते, रहम ज्याच्या हाती दुसऱ्याचा देह सापडला आहे त्याचे कर्तव्य असते. पहिली मागता येत नाही. दुसरी नाकारता येत नाही.

काही आक्षेप

या विवेचनावर तीन आक्षेप येतील. पहिला असा की लहान मुलांना मारणाऱ्यांबाबतही हेच म्हणणार का? कोल्हापूरच्या गावित भगिनींचा खटला डोळ्यांसमोर ठेवून मी उत्तर देतो. मुले पळवून त्यांतील काहींचे खून केल्याबद्दल २००१ मध्ये त्यांना फाशीची शिक्षा झाली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्यांचे दयेचे अर्ज वर्षानुवर्षे रेंगाळून २०१४ मध्ये फेटाळले गेले. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या विलंबामुळे फाशी रद्द करून जन्मठेप दिली. त्यांच्या कृत्याचा भयंकरपणा न्यायालयाने कमी लेखला नाही. माणसाला वर्षानुवर्षे दोराखाली उभे ठेवण्याचा हक्क राज्यालाही नाही, एवढेच ठरले. त्या मुलांच्या आयांना हा निकाल कसा वाटला असेल याची कल्पना मला करवत नाही, आणि तो त्यांनी मान्य करावा असे मी म्हणणार नाही. पण येथे कोणी त्या भगिनींना माफ केलेले नाही. कैद्याला सांभाळणाऱ्या हातांना मर्यादा घातली आहे.

दुसरा आक्षेप धाकाचा. दया दाखवली तर भीती उरत नाही. याचे उत्तर असे की येथे शिक्षा माफ करण्याची मागणीच नाही. जन्मठेप ही जन्मठेपच राहते. प्रश्न त्या जन्मठेपेत माणसाला नावाने हाक मारली जाते की नाही, आजारपणात औषध मिळते की नाही, आईची भेट होते की नाही, हा आहे. १९७८ मध्ये सुनील बत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कैदी तुरुंगाच्या दारातून आत गेला म्हणून त्याचे मूलभूत हक्क संपत नाहीत हे स्पष्ट केले, तोही याच अर्थाने.

तिसरा आक्षेप आपल्याच माणसांकडून येतो आणि तो सर्वांत वजनदार आहे. देशातील तुरुंगांत २०२२ च्या अधिकृत आकडेवारीनुसार सुमारे तीन-चतुर्थांश कैदी खटला न संपलेले होते आणि त्यांत मुसलमानांचे प्रमाण लोकसंख्येतील प्रमाणाहून अधिक होते. २००६ च्या मालेगाव स्फोटांप्रकरणी पकडलेल्या मुस्लिम तरुणांना न्यायालयाने आरोपमुक्त केले ते २०१६ मध्ये. मग आधी निरपराधांची काळजी करायची सोडून खुन्यांची वकिली कशाला, असे विचारले जाते. या भावनेचा मी आदर करतो. पण निकाल लागेपर्यंत निरपराध कोण हे तुरुंगाच्या शिपायाला कळत नसते. दोघेही एकाच दारातून आत जातात, एकाच ताटलीत जेवतात, एकाच काठीचा मार खातात. 'दोषी असेल तर काहीही करा' अशी मुभा आपण दिली की तिचा पहिला उपयोग संशयितावर होतो. दोषी कैद्याची माणुसकी राखणे हेच निर्दोष कैद्याचे सर्वांत भक्कम संरक्षण आहे. निरपराध असल्याबद्दल मिळणारी दया निकालापर्यंत टिकत नाही, कारण ती निकाल लागण्याआधीच काढून घेता येते.

समारोप

आपल्या महाविद्यालयांतील अध्यापकांसाठी या विवेचनातून काही व्यावहारिक सूचना निघतात. तुरुंग-साहित्य शिकवताना टिळक, आझाद, साने गुरुजी, फैज यांच्याबरोबर दोषी माणसाविषयीची एखादी कलाकृतीही वाचावी. असे लेखन वाचताना तीन प्रश्न विचारावेत. यात बळी पडलेल्याला नाव आणि चेहरा आहे का? कृत्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली आहे का? आणि एवढे झाल्यावरही कैदी माणूस राहिला आहे का? तिन्हींचे उत्तर होकारार्थी देणारे लेखन विरळा आहे, आणि मिळेल तेव्हा ते विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवणे आपले काम आहे. शिवाय भाषा शिकवणाऱ्याने निबंध तपासताना 'नराधम', 'दरिंदा' यांसारखे शब्द आले तर ते खोडू नयेत, पण त्या शब्दापुढे कोणी माणूस उरला आहे का, हे समासात जरूर विचारावे.

त्या विद्यार्थिनीला आज उत्तर द्यायचे झाले तर मी असे म्हणेन. मुली, तो मुजरिम आहे, आणि त्याला मुजरिम म्हणण्यात आपण कुचराई करता कामा नये. त्याला माफ करणे तुझ्या-माझ्या हाती नाही, ती ठेव ज्यांचे गेले त्यांची आहे. पण तो गुनहगारही आहे, आणि त्या शब्दाच्या रांगेत तू आहेस, मीही आहे. मराठीने हा शब्द थोड्यांपुरता ठेवला, उर्दूने तो सर्वांसाठी खुला ठेवला. दोन्ही भाषा ज्यांच्या तोंडी आहेत त्यांनी दोन्ही अर्थ सांभाळावेत, आणि आमच्या फळ्यावरच्या 'शिक्षा' या शब्दाचेही दोन्ही अर्थ तसेच सांभाळावेत.